बोरूची विक्रीपश्चात सेवा

दारावरची बेल वाजवली की आतला रेडिओ एकदम गप्प होतो, पावलं चवड्यांवर चालायला लागतात आणि 'शूऽऽ' असा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येतो, हा अनुभव ज्यांनी घेतलेला नाही त्यांना पॉलिसीकाकांचं दुःख कळायचं नाही. काका विमा एजंट होते. ते लोकांच्या भल्याचंच बोलायचे, पण ते भलं माणूस गेल्यावर सुरू होत असल्यामुळे ऐकून घ्यायला कोणी थांबत नसे. काका समोरून येताना दिसले की कॉलनीतल्या धडधाकट माणसांच्या चपलेचा अंगठा तुटायचा आणि ती खाली वाकून बसायची. कोपऱ्यावरच्या बंगल्यात राहणारे निवृत्त जजसाहेब तर बेल वाजली की स्वतःच आतून खणखणीत आवाजात सांगत, "घरात कोणी नाही!" आता खुद्द न्यायाधीशानेच निकाल दिल्यावर अपील कुठे करायचं? काका मुकाट्याने परत फिरत.

कॉलनीत पॉलिसी खपत नाही याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. ती बाहेर कुठेकुठे खपत होती आणि घर चाललं होतं. वाईट याचं वाटायचं की इतकी वर्षं ज्या कॉलनीत राहिलो तिथे 'या, बसा' म्हणणारं एकही दार नाही. हे त्यांनी एकदा काकूंना बोलून दाखवलं.

"मग ती काळी पिशवी घेऊन जाऊ नका ना," काकू म्हणाल्या. "रिकाम्या हाताने जा, गप्पा मारा, या."

काका रिकाम्या हाताने गेले. लोकांना वाटलं, आता कागद शर्टाच्या आत लपवून आणायला लागला. दारं पूर्वीपेक्षा लवकर बंद झाली.

तर अशा या माणसाच्या नशिबात बोरू आला. काकांच्या घरामागे त्यांच्याच मालकीचा जमिनीचा एक लांबट तुकडा होता, उतरत उतरत नाल्यापर्यंत गेलेला. बोरू म्हणजे उसाचा वाया गेलेला भाऊ. उंची तीच, पाती तीच, पेरं तीच, पण कामाचं म्हणाल तर नाव नको. नाल्याच्या काठी त्याचा पहिला झुबका दिसला तेव्हा काकू कौतुकाने म्हणाल्या होत्या, "वाऱ्यावर किती छान डुलतं नाही?" आता त्याचं बेट झालं होतं आणि ते कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत येऊन डुलत होतं. काकूंचं मत बदललं होतं.

एका सकाळी त्या ओली चादर तशीच बादलीत टाकून घरात आल्या. "अहो, तिथे शेपूट दिसलं."

"कोणाचं?"

"ते विचारायला मी थांबले नाही. आधी ते सगळं काढा, नाहीतर मी कपडे दिवाणखान्यात वाळत घालीन."

काका सरळमार्गी गृहस्थ. सरळमार्गी माणसं अशा वेळी नगरपालिकेत जातात. उद्यान विभागातल्या बाईंनी डबा खाता खाता विचारलं, "झाड आहे का?"

"बोरू आहे."

"म्हणजे गवत. आम्ही फक्त झाडं बघतो. गवत स्वच्छता विभागात."

स्वच्छता विभागातल्या साहेबांनी खुर्चीत रेलून विचारलं, "गवत किती उंच आहे? गुडघ्यापर्यंत असेल तर आम्ही काढतो."

"माझ्या दुप्पट आहे."

"अहो, मग त्याला गवत कसं म्हणायचं?" असं म्हणून साहेब इतके मनापासून हसले की काकाही थोडे हसले. त्यांना नाले विभागात पाठवण्यात आलं. तिथल्या माणसाचा प्रश्न निराळाच होता. "पाण्यात उभा आहे की काठावर?"

"एक पाय पाण्यात, एक काठावर."

"मग काठावरचा पाय तुमचा," तो माणूस म्हणाला. "खासगी जागेतलं ज्याचं त्याने काढायचं. फक्त एक करायचं, कापलेलं नाल्यात टाकायचं नाही. जाळायचं नाही. औषध मारायचं नाही, ते पाण्यात उतरतं. बाकी तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे."

ही मोकळीक घेऊन काका घरी आले. कॉलनीत कुणाच्या घरी काही अडलं की सल्ला द्यायला माणसं कुठून उगवतात कोण जाणे. एरवी काकांना बघून वाकून बसणारे लोक आता कुंपणापलीकडून, सुरक्षित अंतर राखून बोलू लागले. इलेक्ट्रिशियनने मीठ सांगितलं. काकांनी मीठ टाकलं. बोरू तसाच राहिला आणि काकूंचं लिंबाचं झाड वाळलं. व्यायामशाळेच्या मालकाने उकळतं पाणी सांगितलं. पातेली उचलून उचलून काकांची कंबर धरली आणि बोरूला आंघोळ घातल्यासारखी टवटवी आली. काकांचे साडू, म्हणजे काकूंच्या बहिणीचे यजमान, हे फोनवरून सगळ्या जगाची व्यवस्था लावणारे गृहस्थ. त्यांनी काळी ताडपत्री अंथरायला सांगितली. "उजेडच नाही मिळाला तर जाईल कुठे बेटा?" बेटा ताडपत्रीला टोक लावून वर आला. महिन्याभरात ताडपत्रीची चाळण झाली आणि तिच्या प्रत्येक भोकातून एकेक हिरवा भाला उभा राहिला. काकांनी हे साडूंना कळवलं तेव्हा साडू म्हणाले, "तुम्ही हलकी ताडपत्री आणली असणार." साडूंचा सल्ला कधी चुकत नसतो. आपलं सामान चुकतं.

शेवटी काकांनी कोयता घेतला. सात पिढ्यांत त्यांच्या घराण्यात कोणी कोयता धरला नसावा, हे बघणाऱ्याला लांबूनच कळत होतं. बोरूची पाती धारदार. पहिल्याच सकाळी एका पात्याने काकांचं नाक कापलं, अगदी शब्दशः. नाकाला पट्टी लावून ते दुपारी एका कारखानदाराला अपघात विमा समजावायला गेले. कारखानदार पूर्ण वेळ नाकाकडेच बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "तुमचा स्वतःचा उतरवलाय का?" या अपमानाने काका असे पेटले की पुढच्या चार सकाळी त्यांनी अर्धं बेट आडवं केलं. अंगणात बोरूचा छपराएवढा ढीग लागला. कचऱ्याच्या गाडीवाल्याने एक नजर टाकून सांगितलं, "घरातला कचरा असेल तर द्या. हा घराबाहेरचा आहे." काकांनी हात टेकले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शिवणकामवाल्या ताईंनी मान वर काढली. काका समोर असताना ताईंनी आपणहून मान वर काढावी ही इतिहासातली पहिलीच वेळ. "काका, यातल्या दोन-तीन काठ्या देता का? माझे टोमॅटो नुसते लोळतायत."

काकांना ऐकून भरून आलं. त्यांनी ढिगातल्या हिरव्यागार, अंगठ्याएवढ्या जाड काठ्या निवडल्या आणि रोवायला सोप्या जाव्यात म्हणून टोकं तिरकी तासली. मग स्वतः ताईंच्या फाटकातून आत जाऊन वाफ्यात त्या हातभर खोल रोवल्या, माती पायाने दाबली आणि पक्क्या बसाव्यात म्हणून वर दोन तांबे पाणीही घातलं. एजंट कितीही वाईट असो, विक्रीनंतरची सेवा त्याच्या रक्तात असते. ताई म्हणाल्या, "बसा ना काका, चहा टाकते."

काका बसले. कप संपला की उठावं लागेल म्हणून त्यांनी चहा अगदी घोट घोट प्यायला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. फुकट मिळणारी वस्तू, तीही घरपोच, तीही बसवून, हे ऐकल्यावर कॉलनीत एकेकाला काठीची निकड जाणवू लागली. इलेक्ट्रिशियनला काकडीच्या वेलासाठी हव्या होत्या. व्यायामशाळेच्या मालकाला कुंपणासाठी हव्या होत्या, आणि त्याने दोन रांगा रोवून घेतल्या. काका सकाळी खांद्यावर मोळी घेऊन निघायचे आणि घरोघरी 'या, या' होत दुपारी परत यायचे. दर दोन-तीन दिवसांनी ते सगळ्या काठ्या हलवून बघत. सैल झाली असेल तर माती दाबत, पाणी घालत. विम्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. काढायची आठवणच झाली नाही, हे जास्त खरं.

जजसाहेबांची बेल मात्र त्यांनी घाबरतच दाबली. आत शांतता झाली. मग आवाज आला, "काठ्यांबद्दल असेल तर मी घरात आहे."

साहेबांची पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. तिने लावलेला एक वेल अंगणात जमिनीवर पसरला होता आणि साहेबांना त्याला हात लावायचा धीर होत नव्हता. काकांनी चार काठ्या रोवून तो हळूच वर चढवला. साहेब खुर्चीत बसून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ठीक आहे." साहेबांच्या तोंडून हे म्हणजे मानपत्रच होतं. त्या दिवशी घरी आल्यावर काका काकूंना म्हणाले, "अगं, आपली कॉलनी फार चांगली आहे." काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आणि मग काठ्यांना पालवी फुटली.

आधी बातमी आनंदाचीच होती. "काका, माझ्या टोमॅटोपेक्षा तुमची काठीच जोरात वाढतेय!" ताई हसत म्हणाल्या. काकाही हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी मागच्या बेटातलं एक पातं तोडून नीट निरखलं. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडे काकडीच्या वेलात एक ओळखीचं पातं दिसलं. काकांनी ते गुपचूप खुडून खिशात घातलं. तिसऱ्या घरी त्यांनी खिसे भरले. चौथ्या घरी खिसे पुरेनात. व्यायामशाळेपाशी मात्र लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. तिथे दोन रांगांत हिरवंगार रान उभं होतं आणि मालक त्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा होता.

बोरूच्या प्रत्येक पेरात एक डोळा असतो आणि ओल्या मातीत घातला की तो रुजतो, हे सांगायला नाले विभागाचा तो माणूस स्वतः आला. "मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं, टाकू नका, जाळू नका," तो कपाळावर हात मारून म्हणाला. "लावू नका हे सांगायला हवं होतं, हे मला सुचलंच नाही. आजवर कोणी लावला नव्हता." खासगी जागेतलं ज्याचं त्याने काढायचं, एवढं बजावून तो निघून गेला. आता जागा सगळ्यांच्या होत्या.

काकांची पाचावर धारण बसली. ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. बेल वाजली की आता त्यांच्याच घरातला रेडिओ बंद व्हायचा. काकू सांगायच्या, "घरात नाहीत." काका स्वयंपाकघराच्या दारामागे उभे असायचे. कशीबशी उघडलेली सगळी दारं आपल्याच हाताने बंद केली, आणि तीही पाणी घालघालून, या विचाराने त्यांना जेवण जाईना. लोक ओरडतील, भांडतील, त्याचं काही नाही. पण आता कोणी 'या, बसा' म्हणणार नाही.

रविवारी जजसाहेबांच्या व्हरांड्यात सभा भरली. साहेबांनी चष्मा लावला आणि खटला सुरू झाला. इलेक्ट्रिशियन म्हणाला की कोंब फरशीखालून निघतोय. व्यायामशाळेच्या मालकाला कुंपणातून आत जाताच येत नव्हतं. ताईंनी कोणाची बाजू घ्यावी हे न कळून नुसतं "टोमॅटो मात्र छान आले" एवढंच सांगितलं.

"आरोपीला काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारलं.

काका उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या संकटावर अस्खलित बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या संकटावर एक वाक्य जुळेना. "मला वाटलं, काठ्या आहेत," ते म्हणाले. "आणि तुम्ही सगळे 'या, या' म्हणत होता."

 व्यायामशाळेच्या मालकाने उगाच घसा साफ केला.

"हेतू चांगला होता हे आम्हाला मान्य आहे," साहेब म्हणाले. "बोरूला मान्य नाही. तेव्हा आरोपीने प्रत्येक घरी जाऊन स्वतःच्या हाताने बोरू मुळासकट खणून काढावा. मुळाचा तुकडा राहिला तरी तो पुन्हा येतो, म्हणून दर गुरुवारी प्रत्येक घरी फेरी मारावी, शेवटचा कोंब निघेपर्यंत. आणि कोणाच्याही फाटकाच्या आत विमा हा शब्द उच्चारू नये."

"उच्चारणार नाही," काका म्हणाले. त्यांना फाशीची अपेक्षा होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

शिक्षा काही गमतीची नव्हती. बोरूची मुळं म्हणजे मनगटाएवढे गड्डे, एकमेकांत गुंतलेले. काका गुडघ्यावर बसून कुदळीने खणायचे, चाळणीने माती चाळायचे आणि गड्डे फरशीवर उन्हात कडकडीत वाळवायचे. संध्याकाळी काकू त्यांच्या कंबरेला मलम चोळत. "माझ्या बागेत दहा वर्षांत एक खड्डा खणला नाहीत," त्या म्हणायच्या, पण चोळायच्या मात्र जोरात नाही, सांभाळून.

आता खणणाऱ्या माणसासमोर नुसतं उभं राहणं कोणालाच जमत नाही. पहिल्या गुरुवारी लोक खिडकीतून लक्ष ठेवत होते. दुसऱ्या गुरुवारी पाणी विचारलं. नंतर चहा यायला लागला, चहामागून खुर्ची आली, खुर्चीमागून घरातल्या गोष्टी आल्या. इलेक्ट्रिशियन त्याच्या भावाचं भांडण सांगू लागला. ताईंच्या मुलीचा निकाल काकांना शाळेतून आल्या आल्या कळायचा. एकदा ताईच म्हणाल्या, "काका, मुलीच्या नावाने काहीतरी काढावं म्हणते, एखादी..."

"थांबा!" काका चिखलाचा हात वर करून ओरडले. "फाटकाबाहेर चला."

दोघं फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले, बोलणं संपवलं आणि पुन्हा आत येऊन काका खणायला बसले. हुकूम म्हणजे हुकूम.

एका रविवारी व्यायामशाळेचा मालक चार पैलवान आणि इलेक्ट्रिशियन असा लवाजमा घेऊन काकांच्या मागच्या अंगणात हजर झाला. मूळ अड्डा इथेच आहे, तो उठल्याशिवाय कोणाची सुटका नाही, हा त्याचा हिशेब. सगळ्यांनी मिळून काठावरचा बोरू खणून काढला. पाण्यातला पाण्याखालूनच कापला, म्हणजे तुटक्या दांड्यात पाणी भरून तो कुजतो. काकूंनी सगळ्यांना जेवू घातलं. पलीकडच्या काठावर दोन-चार झुबके तेवढे राहिले, ते कॉलनीच्या हद्दीत नव्हते. नाला कितीतरी दिवसांनी दिसला. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, पण सगळे काठावर उभे राहून तो बघत होते. शेपटाचा मालक काही सापडला नाही.

हळूहळू कॉलनी मोकळी झाली. एकेका घरी कोंब दिसेनासा झाला आणि काकांचा चेहरा उतरू लागला. इलेक्ट्रिशियनकडे संपलं. व्यायामशाळेत संपलं. ताईंकडे गुरुवारी जाऊन काकांनी वाफा उलथापालथा केला, पण हाताला काही लागलं नाही. ताई चहा देताना हसून म्हणाल्या, "सुटलात बाई एकदाचे!" काकांना तो चहा गोड लागला नाही.

"अहो, बोरू संपला म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय," काकू म्हणाल्या.

"बोरूचं नाही गं," काका म्हणाले. "आता गुरुवारी कुठे जायचं?"

 काकूंनी काकांच्या ताटात नुसतीच आणखी एक पोळी वाढली.

राहिलं एक घर. जजसाहेबांच्या अंगणातला कोंब काही केल्या हटत नव्हता. दर गुरुवारी काका तो कुदळीने खणून काढायचे आणि पुढच्या गुरुवारी वेलाच्या बुंध्याशी तो पुन्हा उभा असायचा. साहेब व्हरांड्यातून म्हणायचे, "चिवट आहे हो." काकाही म्हणायचे, "फार चिवट." मग चहा व्हायचा. साहेब जुने खटले सांगायचे आणि कधी पत्नीबद्दल बोलायचे. त्या वेलाला पाणी घालताना ती त्याच्याशी बोलायची, हे त्यांनी एकदा सांगितलं. काकांनी उठून वेलाला तांब्याभर पाणी घातलं.

त्या गुरुवारी काका आत आले तेव्हा कोंब नेहमीच्या जागी उभा होता. काकांनी कुदळ बाजूला ठेवली आणि आधी हातानेच ओढून पाहिला. कोंब अलगद वर आला. त्याला मूळ नव्हतं. खालचं टोक चाकूने सफाईने कापलेलं होतं आणि आजूबाजूची माती ओली होती. व्हरांड्याच्या पायरीवर साहेबांचे बूट होते, नाल्यावरच्या काळ्या चिखलाने घोट्यापर्यंत माखलेले.

काका तसेच उकिडवे बसून राहिले. इतकी वर्षं बेल दाबली, पण आपल्याला घरी बोलवायला कोणी इतका खटाटोप करेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पंचाहत्तरीतला माणूस नाल्यात उतरला होता. त्यांचे डोळे भरून आले. मातीच्या हाताने ते पुसायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तोंड वेलाकडे वळवलं.

"काय झालं?" वरून आवाज आला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण साहेब खुर्चीतून अर्धवट उठले होते. "निघाला का?"

काकांनी कोंब पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवला आणि माती लोटून दोन्ही हातांनी घट्ट दाबली.

"नाही साहेब," ते म्हणाले. "मूळ फार खोल गेलंय. हे लवकर आटपण्यातलं दिसत नाही. वर्षानुवर्षं चालेल."

साहेब खाली बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मग पुढची तारीख गुरुवारचीच ठेवू," ते म्हणाले. "आणि जरा वेळेवर येत जा हो. चहा निवून जातो."